शिकारी रायफलीची अचूकता : फॉर्सिथच्या ग्रंथाचें परीक्षण

नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यामुळें सक्करदरा हें नांव अभ्यासकांस परिचित आहे. अशा जुन्या वस्त्यांत दप्तरांबरोबर शिकारी हत्यारेंही मिळण्याचा संभव असतो. दप्तर कसें वाचावें हें आपण शिकलों. हत्यार वाचतांना मात्र संग्राहक पुष्कळदां जुन्या शिकारी ग्रंथांवर विसंबतात. त्यांत मध्यप्रांतांतील निमाडचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याचा अधिकार मोठा. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) हा त्याचा ग्रंथ सर्वश्रुत आहे. ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ या त्याच्या पूर्वीच्या ग्रंथाचा येथें विचार करूं.

त्याचा सिद्धांत असा : अरण्यांत जनावर जवळच दिसतें, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी लागली पाहिजे. म्हणून मोठी वाटोळी गोळी, भरपूर दारू व नळींत अतिमंद पीळ असावा. तेणेंकरून गोळी आटे सोडून घसरत नाहीं व तिचा मार्ग सपाट राहतो. १४ बोअरच्या नळीस १०४ इंचांत एक फेरा हें त्याचें प्रमाण. फळीवरील नेम आणि रानांतील नेम या भिन्न गोष्टी होत, हा त्याचा विवेक आजही टिकतो.

परंतु हें प्रमाण वाटोळ्या गोळीचें आहे. तें विंचेस्टरच्या १८९४ च्या तरफेच्या रायफलीस लावणें चूक होय. तिच्या .३०-३० काडतुसाची गोळी लांबट. तिला स्थिर ठेवण्यास १२ इंचांत एक फेरा लागतो. हा जलद पीळ कारागिराचा दोष नव्हे. तिच्या नेमाचे खरे शत्रू निराळे. काडतुसांची नळकांडी कड्यांनीं मुख्य नळीस जखडलेली असते. नळी तापली कीं ताण बदलतो व गोळी सरकते. शिवाय नळी मागून साफ करतां येत नाहीं. गज तोंडांतून घालावा लागतो व तोंडाशींच आटे झिजतात.

यावर उपायही ठरलेले आहेत : कड्यांचा ताण कमी करणें, डोळ्याजवळ छिद्राचा नेमदर्शक बसविणें, तोंड नव्यानें कापणें, चापाचा खटका घासणें. नेमबाजास हे चारही इष्ट वाटतील. आमच्या मतें संग्राहकानें यांत भेद केला पाहिजे. ताण पूर्ववत् करतां येतो. पण कापलेलें तोंड व घासलेला खटका परत येत नाहीं. मूळ भोकांतच बसणारा नेमदर्शक चालेल. त्यासाठीं नवें भोक पाडणें चालणार नाहीं. पोथींतील अपपाठ खरवडून शुद्ध पाठ लिहिणारास आपण संशोधक म्हणत नाहीं. मग झिजलेलें तोंड कापणारास कां म्हणावें? ती झीज हाच त्या हत्याराच्या वापराचा लेख आहे.

हौशी शिकारीस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें थारा ठेविला नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूटही केवळ जुनेपणास नाहीं. हत्यार दुरुस्तीनंतरही न चालणारें असावें लागतें. तेव्हां परवाना आधीं पाहावा, कानस मागाहून. आणि बहुधा कानसेची गरजच पडूं नये. फॉर्सिथ वाचावा तो नेमाचा हेतु समजण्यासाठीं. हत्यार सुधारण्याचा आधार म्हणून नव्हे.