खोक्यावरचा ५२५ हा आकडा

गेल्या महिन्यात इथलं व्याख्यान संपल्यावर कळव्यातल्याच एक बाई दुर्बिणीचं खोकं घेऊन आल्या. "सर, ५२५ पट मोठं दिसतं असं लिहिलंय, पण ह्याला काहीच दिसत नाही." आठवीतला मुलगा खाली मान घालून उभा. त्याला वाटत होतं, चूक आपलीच.

आज मला त्या आकड्याविषयीच बोलायचंय. गंमत अशी, की तो खोटा नाही. भिंग ६० मिलिमीटरचं, नाभीय अंतर ७००. ४ मिलिमीटरचा आयपीस लावला की ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. त्यात तिप्पट करणारी बार्लो घातली, झाले ५२५! गणित चोख. पण भिंगाच्या रुंदीतून जेवढा तपशील आत येतो, तेवढाच मोठा करता येतो. ढोबळ हिशेब, मिलिमीटरमागे फार तर २ पट. म्हणजे इथे १२०. त्यापुढे नुसतं अंधुक, थरथरतं चित्र. विधान सत्य असूनही दिशाभूल करू शकतं, हे मी तर्कशास्त्राच्या तासाला शिकवायचो. उदाहरणासाठी उगाच ग्रीसपर्यंत जायचो.

गॅलिलिओची दुर्बीण साधारण २० पट दाखवायची. तिच्यातून १६१० साली त्याने गुरूचे चार चंद्र पाहिले. शनी मात्र त्याला तीन गोळे जोडल्यासारखा दिसला. ते कडं आहे, हे हायगेन्सने १६५९ मध्ये मांडलं.

मग घ्यायचं काय? ७० ते ८० मिलिमीटरचं भिंग, २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस, आणि पैसे उरले तर ते स्टँडवर घाला. त्या खोक्यातला स्टँड असा, की फुंकर मारली तरी गुरू पळून जाईल. भिंगाच्या दुर्बिणीत आरसे जुळवत बसावं लागत नाही, म्हणून नवख्याला ती सोपी. चंद्राच्या कडेला जांभळट झाक येते, ती चालवून घ्या. पावसाळ्यात बुरशी मात्र सांभाळा हं, खोक्यात सिलिका जेल ठेवा. कळव्याच्या गच्चीवरून, एवढ्या दिव्यांतही, शनीचं कडं दिसतं. तेजोमेघांसाठी अंधार हवा. खगोल मंडळाची माणसं त्यासाठीच वांगणीला जातात.

तर त्या संध्याकाळी आम्ही बार्लो काढली, २५चा आयपीस लावला, स्टँडखाली पिशवीत वीट घालून टांगली. २८ पट. बाहेर चंद्र होताच. मुलगा डोळा काढेना. थोड्या वेळाने सभागृहाचे वॉचमनही त्याच्या मागे रांगेत उभे राहिले.