सौम्य काडतूस आणि दोन ग्रंथकार

ग्रंथ ज्या हेतूने लिहिला गेला त्याच हेतूने तो तपासावा, हा परीक्षणाचा सर्वमान्य नियम होय. परंतु काही ग्रंथांच्या नशिबी असा वाचकवर्ग येतो की, ज्याची ग्रंथकर्त्याने कल्पनाही केली नसेल. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर ह्यांचा ‘द गन अँड इट्स डेव्हलपमेंट’ आणि मेजर जेराल्ड बरार्ड ह्यांचा ‘द मॉडर्न शॉटगन’ हे दोन ग्रंथ ह्या जातीचे आहेत. पहिला १८८१ साली निघाला आणि १९१० साली त्याची नववी आवृत्ती झाली. दुसरा तीन खंडांत १९३१-३२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनीही आपापल्या काळच्या नव्या बंदुकीविषयी लिहिले. आज मात्र ते वाचले जातात ते जुन्या बंदुकीसाठी. इंग्लंड-अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांच्या दुनळी बंदुका जतन करून त्या प्रत्यक्ष वापरणारा एक हौशी वर्ग आहे. कारखान्यातील आजची काडतुसे ह्या वृद्ध नळ्यांस न मानवणारी वाटल्यामुळे ही मंडळी घरीच टोपी, दारू, डाट व छर्रे जमवून सौम्य काडतुसे भरतात, आणि अडले म्हणजे ह्या दोन ग्रंथांकडे धाव घेतात.

ही भीती अनाठायी नाही. बारा बोराच्या पावणेतीन इंची काडतुसास आजच्या अमेरिकन प्रमाणाप्रमाणे दर चौरस इंचास ११,५०० पौंडांपर्यंत दाब चालतो. जुन्या इंग्रजी बंदुकांतील काडतुसाचा कोठा पुष्कळदा अडीच इंचांचा असतो, आणि तिच्या नळ्या पुढे पुढे इतक्या पातळ होत गेलेल्या असतात की, काही ठिकाणी जाडी इंचाच्या पंचवीस सहस्रांशांपेक्षाही कमी भरते. त्या नळ्यांखाली नेमबाजाच्या डाव्या हाताची बोटे असतात. तेव्हा ह्या शास्त्रात ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ह्यांमुळे शिकार व घरगुती काडतुसे हा विषय इतिहासजमा झाल्यासारखाच आहे. परंतु जुन्या वस्तूशी वागताना पुस्तकी ज्ञान कुठवर पुरते, हे पाहण्यास ह्याहून बोलके उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आमचा मुख्य मुद्दा एका शब्दाचा आहे. ‘सौम्य’ ह्या विशेषणाखाली दोन अगदी भिन्न गुण एकत्र नांदत आहेत. एक सौम्यपणा नळीला जाणवतो. त्याचे माप दाब. दुसरा खांद्याला आणि दस्त्याच्या लाकडाला जाणवतो. त्याचे माप धक्का. दाब हा नळीच्या आत, छर्रे जेमतेम हलू लागतात त्या क्षणी शिखरास पोहोचतो आणि लगेच ओसरू लागतो. धक्का हा छर्रे, डाट आणि वायू ह्यांच्या वजनावर व वेगावर अवलंबून असतो. दारू भराभर जळाली की सावकाश, ह्याचे त्याला फारसे सोयरसुतक नाही. म्हणून मंद जळणारी दारू निवडून दाब निम्म्यावर आणला, तरी छर्ऱ्यांचे वजन व वेग तेच ठेवल्यास जुन्या दस्त्याला बसणारा तडाखा जवळजवळ तेवढाच राहतो. शंभर वर्षे तेल पिऊन भुसभुशीत झालेले लाकूड चापाच्या यंत्रामागे चिरते ते धक्क्याने. नळी फुटते ती दाबाने. हा भेद ज्याच्या ध्यानी आला नाही, तो नळी वाचवून दस्ता गमावतो आणि काडतूस ‘सौम्य’ होते म्हणून आश्चर्य करीत बसतो.

ह्या कसोटीवर ग्रीनर घासून पाहावा. ग्रीनर बर्मिंगहॅमचा नामांकित बंदूककार, पिढीजात धंद्यातला. त्याच्या ग्रंथात तोड्याच्या बंदुकीपासूनचा इतिहास आहे, लोखंड व पोलाद ह्यांच्या पट्ट्या एकत्र पिळून दमास्कस नळी कशी घडते ह्याचे वर्णन आहे, आणि ते वर्णन इतके सजीव आहे की, वाचताना भात्याची धग अंगास लागते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसाने निरनिराळ्या जातींच्या नळ्या फोडून पाहिल्या, तीत लॅमिनेटेड पोलादाच्या एका इंग्रजी नळीने नव्या पोलादावरही मात केली, ही हकीकत तो अभिमानाने देतो. आज ‘दमास्कस म्हणजे फुटणारच’ असे सरसकट सांगणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. परंतु ग्रीनर दुकानदार होता हे क्षणभरही विसरता येत नाही. त्याचे बरेचसे निष्कर्ष त्याच्या मालाच्या बाजूला कलतात, आणि जिथे तर्क संपतो तिथे अधिकारवाणी सुरू होते. त्याच्या नावावर चालत आलेला एक नियम मात्र सोन्याचा आहे: बंदुकीचे वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट असावे. सव्वा औंस भरणाऱ्या उत्साही माणसाने हा हिशेब आपल्या बंदुकीला लावून पाहावा. सव्वा औंसाला साडेसात पौंडांची बंदूक हवी, आणि इंग्रजी शिकारी बंदूक तर पुष्कळदा साडेसहा पौंडांची असते! मात्र हा नियम धक्क्याचा आहे. दाबाविषयी तो एक अक्षरही बोलत नाही, आणि ग्रीनर वाचून उठलेल्या माणसास हे बहुधा उमगलेले नसते.

बरार्डची प्रकृती वेगळी. तो तोफखान्यातला अधिकारी; हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल असलेल्या सर सिडनी बरार्ड ह्यांचा पुत्र. हिमालयाची मापे घेणाऱ्या बापाच्या घरी वाढलेल्या ह्या माणसाला मोजल्यावाचून चैन पडत नसे, असे त्याच्या पानापानावरून वाटते. त्याचा दुसरा खंड सर्वस्वी काडतुसाला वाहिलेला आहे, आणि आमच्या मते तीन खंडांत तोच श्रेष्ठ. काडतूस ही निरनिराळ्या जिनसांची मोळी नसून ते एक जुळवलेले यंत्र आहे, ही दृष्टी त्याने वाचकाला दिली. टोपी अधिक तेज घेतली, डाट घट्ट बसविला, तोंड निराळ्या रीतीने मिटले, की दारू तीच आणि तितकीच असूनही दाब बदलतो. कृतीत एक वस्तू बदलून बाकीची तशीच ठेवणाऱ्याला तो जागोजाग अडवतो. स्वयंपाकघरातली ‘अंदाजपंचे’ पद्धत इथे चालत नाही, हे त्याचे सांगणे जुन्या बंदुकीच्या मालकाने देव्हाऱ्यात ठेवावे.

त्यातही मापाचा घोळ सर्वांत घातक. काळ्या दारूच्या काळी काडतुसाचा जोर ड्रॅमवर सांगत. तीन ड्रॅम म्हणजे सुमारे ८२ ग्रेन. पुढे शुल्झसारखी बिनधुराची दारू आली. ती ४२ ग्रेन घेतली की तेच काम होई, पण ती फुगीर असल्यामुळे मापात जागा तितकीच व्यापी. म्हणून जुनी मापे तशीच वापरता आली. नंतर बॅलिस्टाइटसारख्या घन दारवा निघाल्या, आणि जुन्याच मापाने त्या भरणाऱ्यांच्या बंदुकांच्या चिंध्या झाल्या. पायलीभर लाह्या आणि पायलीभर शिसे ह्यांत जो फरक, तोच हा. गंमत अशी की, ‘ड्रॅम’ हा शब्द कारखान्याच्या खोक्यांवर अजूनही छापलेला आढळतो. तो आता वजनही सांगत नाही आणि मापही नाही, केवळ जुन्या जोराशी तुलना सुचवितो. मेलेल्या परिमाणाचे भूत असे शतकभर मानगुटीवर बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

नळीवरच्या शिक्क्यांचीही हीच गत. इंग्लंडात १९२५ च्या नियमांप्रमाणे बिनधुराच्या दारूस उतरलेल्या नळीवर कोठ्याची लांबी व छर्ऱ्यांचे कमाल वजन उमटवीत. १९५४ पासून दाबाचा आकडा येऊ लागला, उदाहरणार्थ चौरस इंचास ३ टन. पहिला शिक्का दाबाविषयी मुका आहे, आणि दुसरा बोलतो तो जुन्या भाषेत. ते टन धातूचा छोटा तुकडा चिरडून मोजलेले. तीन टनांचे ६,७२० पौंड होतात हे गणित बरोबर आहे, पण आजचे विद्युत्-मापक त्याच काडतुसास त्याहून बराच मोठा आकडा दाखविते. दोन्ही आकडे एका ओळीत मांडून बेरीज-वजाबाकी करणारा स्वतःस फसवितो. अमेरिकेत तर अशी सरकारमान्य प्रूफ हाउसेसच नसल्यामुळे तिकडील जुन्या बंदुकीवर हा दुबळा आधारही सापडत नाही.

बरार्डचा तिसरा विशेष म्हणजे नळी फुटण्याचे त्याने केलेले वर्गीकरण. अतिदाबाने होणारा स्फोट आणि अडथळ्याने होणारा स्फोट ह्यांची लक्षणे तो वैद्याच्या थाटात वेगळी करतो. पहिला बहुधा कोठ्यापाशी, दुसरा जिथे अडथळा होता तिथे, नळीस कडे फुगवून. घरी सौम्य काडतुसे भरणाऱ्यास खरा धोका दुसऱ्याचा आहे. दारूला नीट जळण्यासाठी काही किमान दाब लागतो. सौम्यतेच्या हव्यासाने भार फार उतरविला, आणि त्यातून दिवस थंडीचा असला, तर बार ‘फुस्स’ होतो आणि डाट नळीतच अडकून राहतो. नेमबाज दुसरा बार ओढतो. पहिल्या बाराने न दुखावलेली नळी दुसऱ्याने फाटते, आणि दोष मात्र दमास्कसच्या माथी येतो. सौम्यतेला वरची मर्यादा आहे तशीच खालचीही आहे, आणि खालची ओलांडणारा आपण अधिक सावध झालो अशा समजुतीत असतो.

इतके देऊनही बरार्ड एका बाबतीत अपुरा पडतो. त्याच्या डोळ्यांपुढे कारखान्यातले, पुठ्ठ्याच्या नळकांड्याचे, नमद्याच्या डाटाचे, तोंड वळवून मिटलेले काडतूस होते. आजचे नळकांडे व डाट प्लॅस्टिकचे. तो डाट वायू अधिक चांगला अडवतो, आणि चुण्या घालून मिटलेले तोंड अधिक प्रतिकार करते. त्यामुळे त्याचे आकडे आजच्या साहित्याला चिकटविणे अशास्त्रीय ठरते. घ्यायची ती त्याची रीत. आकडे दारूच्या कारखानदारांनी स्वतः तपासून छापलेल्या तक्त्यांतूनच घ्यावे लागतात. पण तिथेही पंचाईत आहे: जुन्या बंदुकवाल्यांच्या आवडत्या काही दारवा कारखानदारांनी अलीकडे बंद केल्या, आणि डब्यावरचे नाव बदलले की सारी जुळवणी नव्याने करणे आले. अमेरिकेत ‘डबल गन जर्नल’मध्ये शर्मन बेल ह्यांनी ‘फाइंडिंग आउट फॉर मायसेल्फ’ ह्या मथळ्याखाली चालविलेली लेखमाला हीच उणीव भरून काढते. जुन्या नळ्यांवर प्रत्यक्ष बार काढून दाब मोजावा आणि आलेला आकडा छापावा, इतकाच त्यांचा बाणा. लेखनात लालित्य बेताचे, पण मथळ्यातच बरार्डचा वारसा आहे.

एक हिशेब आम्ही करून पाहिला, तो वाचकांपुढे ठेवतो. सव्वाएक औंसाच्या नव्हे, तर एक-अष्टमांश अधिक एक औंस छर्ऱ्यांचा १,२०० फूट वेगाचा बार घ्या, आणि त्याच्या शेजारी पाऊण-अष्टमांशांचा, म्हणजे सात अष्टमांश औंसाचा, १,१५० फूट वेगाचा बार ठेवा. छर्ऱ्यांचा संवेग तीन चतुर्थांशावर येतो. धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून त्याच बंदुकीत ती निम्म्याच्या आसपास उतरते. दारू योग्य निवडली तर दाबही सोबत खाली येतो. म्हणजे दोन्ही अर्थांनी सौम्य काडतूस हवे असेल, तर छर्रे कमी करणे हाच एक मार्ग असा आहे की, ज्यात नळी व लाकूड ह्यांचे हित एकमेकांशी भांडत नाही. ग्रीनरचा नियम लावला तर सात अष्टमांश औंसास सव्वापाच पौंडांची बंदूक पुरते. साडेसहा पौंडांची वृद्ध दुनळी मग जवळजवळ विश्रांतीच घेत असते. उडत्या मातीच्या कवड्यांवर नेम धरणाऱ्यास एवढे छर्रे पुरेसे होतात. पाणपक्ष्यांच्या शिकारीस मात्र नाही; आणि तिथे अमेरिकेत १९९१ पासून शिसे वर्ज्य झाल्यामुळे जुन्या नळीला न सोसणारे पोलादी छर्रे टाळून महागडे बिस्मथ घ्यावे लागते, ही अडचण दोघाही ग्रंथकारांच्या स्वप्नात नव्हती.

दोहोंतून एकच ग्रंथ घेण्याची ऐपत असेल त्याने बरार्डचा दुसरा खंड घ्यावा, आणि शक्य झाल्यास नळ्या फुटण्याच्या प्रकरणासाठी तिसराही. ग्रीनर मागाहून, दमास्कस नळीच्या घडणीची पाने वाचण्यासाठी, कुणाचा तरी उसना आणावा.