ट्रायलॉक: न थांबण्याचं अर्धंच आश्वासन

मागच्या वेळी आपण म्यूटेक्स पाहिला. कुलूप दुसऱ्या थ्रेडकडे असेल तर आपला थ्रेड झोपतो. कुलूप सुटलं की कर्नल त्याला उठवतो. आज त्याच्या 'नॉन-ब्लॉकिंग' भावंडाकडे, ट्रायलॉककडे, जरा चिकित्सक नजरेनं बघू.

पॉझिक्सचं ट्रायलॉक कुलूप मिळालं तर शून्य देतं, नाही तर लगेच 'ईबिझी'. थ्रेड अडकत नाही. इथवर उत्तम. पण नाही मिळालं तर पुढे काय, हा प्रश्न ते आपल्या गळ्यात टाकतं. आणि आपण बहुतेकदा काय करतो? व्हाइल लूप लिहितो: मिळेपर्यंत विचारत राहा!

आमचा आक्षेप इथे आहे. यात थांबणं गेलं नाही, फक्त झोपेच्या जागी जागरण आलं. कुलूप धरलेल्या थ्रेडला शेड्यूलरनं बाजूला काढलं असेल, तर आपला लूप कोर जाळत राहतो आणि काम तसूभरही सरकत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2020 मध्ये यूजर-स्पेसमधल्या स्पिनलॉकवर टीका केली, ती याच कारणानं.

'पण झोपणं महाग पडतं ना?' पडतं, पण ते कुलूप अडलेलं असेल तेव्हाच. लिनक्सवर फ्युटेक्समुळे मोकळं कुलूप घ्यायला साध्या म्यूटेक्सलाही कर्नलकडे जावं लागत नाही.

नावही फसवं आहे. मॉरिस हर्लिही यांच्या 1991 च्या 'वेट-फ्री सिंक्रोनायझेशन' या लेखातली अट बघा: इतर थ्रेड कितीही रेंगाळले, तरी प्रत्येकाचं काम मर्यादित पावलांत संपलंच पाहिजे. ट्रायलॉकचा लूप असं काहीच हमीनं देत नाही. उलट सी प्लस प्लसच्या प्रमाणानुसार कुलूप मोकळं असतानाही ट्रायलॉक 'नाही' म्हणू शकतं. म्हणजे 'नाही' हा कुणी आत असल्याचा पुरावासुद्धा नव्हे.

मग ट्रायलॉक टाकाऊ का? मुळीच नाही. दोन कुलपं हवी असतील तर पहिलं घ्या, दुसरं ट्रायलॉकनं मागा. नाही मिळालं तर पहिलंही सोडा आणि पुन्हा सुरुवात करा. एक धरून दुसऱ्यासाठी अडून बसणं संपलं, की डेडलॉकही टळतो.

तेव्हा ट्रायलॉक लिहिण्याआधी स्वतःला विचारू या: कुलूप नाही मिळालं, तर करण्यासारखं दुसरं काम आपल्याकडे आहे का? नसेल, तर थ्रेडला खुशाल झोपू द्यावं.