वर्षवृत्त आणि इतिहास : उल्हासनगरच्या १९४९ सालाचा पडताळा

आयर्लंडसारख्या लहान युरोपीय राष्ट्राचे १९४९ सालचे वर्षवृत्त मांडावयाचे झाल्यास १८ एप्रिल हा दिवस अग्रस्थानी येईल. त्या दिवशी ते राष्ट्र प्रजासत्ताक झाले. भारताच्या त्याच सालच्या वृत्तात २६ नोव्हेंबर, म्हणजे संविधानाच्या स्वीकृतीचा दिवस, तितक्याच निर्विवादपणे तेथे बसतो. प्रश्न असा की, अशा तारखांच्या मांडणीस त्या वर्षाचा इतिहास म्हणता येईल काय?

उल्हासनगरपुरता हा प्रश्न पडताळून पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख निर्वासित वसविण्यात आले. त्यांत बहुसंख्य सिंधी होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीस ‘उल्हासनगर’ हे नाव दिले. वर्षवृत्तात या गावाच्या वाट्यास फार तर एवढीच ओळ येते. नामकरण ही शासनाची कृती होती, म्हणून तिला तारीख आहे. बराकीत थाटलेल्या संसारास किंवा बुडालेला व्यापार पुन्हा उभा करण्याच्या खटपटीस अशी एक तारीख नसते. म्हणून वर्षवृत्तात त्यांना जागा नाही. नाव मात्र बदलले, तरी लोकांच्या तोंडी ‘कॅम्प नंबर’ आजही टिकून आहे.

२६ नोव्हेंबरही येथून निराळा दिसतो. स्वीकृत संविधानाच्या आठव्या अनुसूचीत चौदा भाषा होत्या. सिंधी त्यांत नव्हती. प्रांत गमावलेल्या या समाजाच्या भाषेस तेथे स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. राष्ट्राने एका दिवशी पूर्ण मानलेली घटना येथे सतरा वर्षांहून अधिक काळ अपुरी राहिली.

तथापि यावरून तारखेस गौण लेखणे हाही प्रमादच होय. शेजारच्या अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या शिलालेखातील साल डॉ. भाऊ दाजी यांनी शके ७८२ असे वाचले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे निश्चित केले. एका अंकाच्या शुद्ध वाचनाने दोनशे वर्षांचे अंतर दूर झाले आणि तो लेख शिलाहार राजा माम्वाणीच्या राजवटीत यथास्थान बसला.

तेव्हा वर्षवृत्ताचा दोष तारखा देण्यात नाही. ज्यास तारीख आहे तेवढेच घडले, असे मानण्यात आहे. प्रत्येक नोंदीपुढे अभ्यासकाने दोन प्रश्न विचारावेत : ही कृती कोणाची? आणि ती कोणाच्या आयुष्यात केव्हा पुरी झाली? बराकीत बालपण घालविलेली माणसे आज वार्धक्यात आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणी वेळीच टिपून घेतल्या नाहीत, तर १९४९ सालाबद्दल आपल्या हाती केवळ ती एक ओळ उरेल.