करार, वेतन आणि नटी : चार मराठी पुस्तकांचा विचार

१९३९ साली शांता आपटे यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या दाराशी उपोषण केले. कराराच्या वादातून उद्भवलेला हा प्रसंग मराठी चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो, परंतु बहुधा एक नवलकथा म्हणून. ‘कुंकू’ (१९३७) मधील नीरेने जरठ पतीशी जो असहकार मांडला, तोच तिच्या नटीने कंपनीशी मांडला, असे साम्य दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. साम्य मनोरंजक आहे खरे. पण त्यामुळे मूळ प्रश्न झाकला जातो. नीरेचा कलह विवाहसंस्थेशी होता. शांताबाईंचा कलह मासिक वेतनावर बांधून घेणाऱ्या मालकाशी होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४० मध्ये, त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते या दुसऱ्या कलहाचे अपत्य आहे, आणि मराठी वाङ्मयसमीक्षेने त्याची जवळजवळ काहीच दखल घेतलेली नाही.

या उपेक्षेचे कारण शोधू गेल्यास ते पुस्तकाच्या प्रकारातच सापडते. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे आत्मचरित्र नाही. नटीच्या लेखनाकडून वाचकाची जी अपेक्षा असते, म्हणजे बालपण, पदार्पण, कीर्ती, प्रेम, पश्चात्ताप, ती येथे पुरी होत नाही. चित्रपटात जाऊ पाहणाऱ्या मुलीचा प्रश्न शीर्षकात घेऊन लेखिका त्या व्यवसायाची रचनाच उलगडू लागते. भांडवल कोणाचे, सत्ता कोणाची, आणि या सत्तेच्या उतरंडीत नटाचे स्थान कोठे, असा हा विचार आहे. त्यातही लक्ष वेधून घेणारा भाग थकव्याचा. नटाचे शरीर हेच त्याचे भांडवल; ते रोज खर्च होते आणि व्यवसायाला त्या झिजेचा हिशेब ठेवण्याचे कारण नसते, हा विचार येथे एका कामकरी नटीने मांडलेला आहे. तिची कीर्ती त्या वेळी शिखरावर होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. देबश्री मुखर्जी यांनी अलीकडच्या काळात आपल्या इंग्रजी संशोधनातून या पुस्तकाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, ही समाधानाची गोष्ट आहे. ते लक्ष मराठी विभागांतून आधी वेधले गेले नाही, ही त्यामागची दुसरी बाजू.

या पुस्तकानंतर तीस वर्षांनी हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आले. पुढे लीला चिटणीस यांचे ‘चंदेरी दुनियेत’ (१९८१) आणि दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) ही दोन आत्मचरित्रे एका वर्षाच्या अंतराने प्रकाशित झाली. या नट्यांनी मराठीबरोबर हिंदी चित्रपटांत काम केले. दुर्गाबाई व लीलाबाई यांचा तर उत्तरकाळ बहुतांशी मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतच गेला. परंतु लिहिले सर्वांनी मराठीत. त्यामुळे १९३० ते १९६० या काळातील हिंदी चित्रपटाच्या कामकरी जीवनाची जी प्रत्यक्ष साक्ष उपलब्ध आहे, तिचा एक महत्त्वाचा भाग मराठी गद्यात साठलेला आहे. या साक्षीला आजवर दोनच प्रश्न विचारले गेले : लेखिका किती प्रांजळ आहे, आणि तिचे लेखन किती कलात्मक आहे. दोन्ही प्रश्न व्यक्तीविषयीचे आहेत. ती उपजीविकेसाठी काय करीत होती व ते कोणत्या अटींवर, हा तिसरा प्रश्न विचारला की याच पुस्तकांचा क्रम आणि तोल बदलतो.

प्रथम अटींचा विचार केला पाहिजे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली प्रभात, किंवा १९३४ साली मालाड येथे उभी राहिलेली बॉम्बे टॉकीज, या संस्था नटांना मासिक वेतनावर ठेवीत. नट हा कारखान्यातील इतर कामगारांप्रमाणेच नोकरदार होता. या व्यवस्थेत स्थैर्य होते, शिस्त होती, आणि कामाचे शिक्षणही मिळे. प्रभातविषयीच्या मराठी आठवणींत ‘कुटुंब’ हा शब्द पुनःपुन्हा येतो तो अगदीच निराधार नाही. मात्र कुटुंबातून बाहेर पडण्याची मुभा सर्वांना सारखी नसते, आणि करार संपेपर्यंत दुसरीकडे काम करता न येणे हा या कौटुंबिक जिव्हाळ्याचाच दुसरा चेहरा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवा पैसा चित्रपटांत आला, स्वतंत्र निर्माते वाढले, आणि नट मासिक वेतनाऐवजी प्रत्येक चित्रपटासाठी ठोक रक्कम घेऊ लागले. १९५१ साली स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने आपला अहवाल दिला, तोवर मोजक्या नटांभोवती चित्रपटाचे अर्थकारण फिरू लागले होते. पुढे १९५३ मध्ये प्रभात आणि १९५४ मध्ये बॉम्बे टॉकीज बंद पडली.

या संक्रमणाच्या दोन बाजूंना दुर्गाबाई आणि हंसाबाई उभ्या आहेत. मराठी वाचकाच्या मनात या दोघींची एक जोडी ठरून गेलेली आहे : एक मर्यादेचे चित्र, दुसरी अनिर्बंधतेचे. एकीच्या पुस्तकाला ‘प्रतिष्ठित’ आणि दुसरीच्या पुस्तकाला ‘धाडसी’ ही विशेषणे चिकटली ती त्यामुळेच. हे वर्गीकरण तपासून घेणे आवश्यक आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ साली मुंबईतील सधन लाड कुटुंबात झाला. इंग्रजी शिक्षण लाभले. घरची आर्थिक ओढाताण आणि दोन मुलांची जबाबदारी यांमुळे त्या चित्रपटाकडे वळल्या. ‘फरेबी जाल’ (१९३१) मधील लहानशा भूमिकेने त्यांच्या वाट्याला निंदा आली. पुढच्याच वर्षी मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेल्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने ती पुसून टाकली. त्यानंतरचा त्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई, पुणे. प्रभात, न्यू थिएटर्स आणि इतर संस्था. बहुतेक नट एका संस्थेशी बांधले गेले असता ही नटी संस्था बदलीत राहिली. १९३७ साली तिने स्वतः चित्रपटनिर्मितीही करून पाहिली. याचे श्रेय त्यांच्या धैर्याला दिले जाते आणि ते द्यायलाच हवे. पण करार वाचता येणे, वाटाघाटीला स्वतः बसता येणे, आणि नकार दिला तरी पाठीशी काही सामाजिक वजन असणे, या गोष्टींचाही त्यात वाटा आहे. दुर्गाबाईंचे निवेदन घराणे, नातलग आणि माणसे यांच्या वर्णनात जितके रमते, तितके कामाच्या तपशिलात रमत नाही. शैली शालीन व प्रसन्न आहे. या शालीनतेची किंमत अशी की व्यवसायातील घासाघीस वाचकाला अंदाजाने ओळखावी लागते.

हंसाबाईंची गोष्ट निराळी. १९२३ साली जन्मलेली ही मुलगी ‘विजयाची लग्ने’ (१९३६) मध्ये प्रथम पडद्यावर आली, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. घर चालवण्यासाठीच तिला कामाला लावले गेले. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (१९३९), प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१), राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) व त्याची हिंदी आवृत्ती, अशी तिची वाटचाल झाली. ती कमावती झाली, पण कमाई तिच्या हाती राहिली नाही. आधी माहेरच्या आणि नंतर पतीच्या गरजांप्रमाणे तिचे करार ठरत गेले. गृहिणी व्हावे ही तिची इच्छा पुस्तकात पुनःपुन्हा येते, आणि दर वेळी एखादा नवा चित्रपट तिला घराबाहेर काढतो. ज्याला ‘अनिर्बंध जीवन’ म्हटले गेले, त्यात निर्बंधांचाच भाग किती मोठा आहे! दुर्गाबाई आणि हंसाबाई यांच्यातील अंतर शीलाचे म्हणून वाचले गेले. वस्तुतः सही कोणाची आणि पैसा कोणाच्या हाती, या दोन व्यावहारिक प्रश्नांच्या उत्तरांत ते बऱ्याच अंशी सामावलेले आहे.

‘सांगत्ये ऐका’च्या रचनेविषयी येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. हे आत्मकथन आधी ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाले आणि त्याचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. अर्थात ते लिहिलेले नसून सांगितलेले आहे. शीर्षकातील ‘सांगत्ये’ हे बोलीतील रूप अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटातून आले. तो चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. निवेदनात कालक्रम सैल आहे. एका परिच्छेदात चित्रीकरण, पुढच्यात गर्भपात, त्यापुढच्यात घर सोडून जाणे, आणि लगेच पुन्हा चित्रीकरण. हा सैलपणा रचनेचा दोष मानला जातो. परंतु ज्या आयुष्यात काम आणि घर यांच्यामध्ये भिंतच उभी राहू दिली गेली नाही, त्याचे नीटनेटके प्रकरणवार कथन अधिक कलात्मक झाले असते, अधिक खरे झाले असते काय, हा प्रश्न उरतो. शब्दांकनकाराने हा तुटकपणा सांधला नाही. त्याच्या वाङ्मयीन विवेकाची ही खूण होय.

श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. स्मिता पाटील यांना ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या या चित्रपटाची श्रेष्ठता वादातीत आहे. पत्नीच्या मिळकतीवर जगणारा आणि तिच्यावरच संशय घेणारा पती त्याने पुस्तकाइतक्याच निर्दयपणे दाखवला. तथापि ‘भूमिका’ची नायिका स्वतःचा शोध घेते, पुस्तकातील हंसाबाई बहुतेक वेळा पुढचे काम शोधतात. चित्रपटात चित्रीकरणाचे प्रसंग बोलपटाच्या इतिहासाचे देखणे नमुने होऊन येतात. पुस्तकात ते एखाद्या वाक्यात उरकले जातात, जशी रोजची नोकरी उरकली जाते. बेनेगल यांनी शोकांतिका घडवली, आणि ती घडवताना मुळातील रोजंदारीचा कोरडा सूर कमी होणे कदाचित अपरिहार्यच होते.

लीलाबाईंच्या पुस्तकाकडे वळले की वयाचा प्रश्न पुढे येतो. १९०९ साली जन्मलेल्या लीला चिटणीस या पदवीधर. काही काळ शाळेत शिकवून, मुलांचा भार एकटीने सांभाळीत त्या पडद्यावर आल्या. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०), ‘झूला’ (१९४१) या बॉम्बे टॉकीजच्या तीन चित्रपटांत अशोककुमार यांच्यासमवेत त्या नायिका होत्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्यांचे चित्र झळकले. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय नटी. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमार यांच्या आई झाल्या. १९५१ मध्ये ‘आवारा’त राज कपूर यांची आई, १९६१ मध्ये ‘गंगा जमना’तही आईच. अशोककुमार हे १९११ साली जन्मलेले, म्हणजे लीलाबाईंहून केवळ दोन वर्षांनी लहान. ‘शहीद’नंतर एका वर्षाने आलेल्या ‘महल’मध्ये ते नायक होते, आणि त्यांची नायिका मधुबाला १९३३ साली जन्मलेली होती. हिंदी चित्रपटातील ‘आई’ या भूमिकेची थोरवी गाणाऱ्या लेखनाची वाण नाही. त्या लेखनात हे साधे वजाबाकीचे गणित सहसा आढळत नाही. आईची भूमिका हा त्या नटीसाठी पदावनतीचा प्रकार होता. आणि नोकरी टिकवण्याचा तोच एक मार्गही होता. ‘चंदेरी दुनियेत’ हे शीर्षक या दृष्टीने वाचल्यास त्यातील चंदेरीपणाला वेगळाच रंग चढतो. दुर्गाबाई या बाबतीत काहीशा सुदैवी म्हणाव्या लागतील. १९३४ च्या ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या नायिका असलेल्या दुर्गाबाई १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्येही त्यांच्याच पत्नीच्या भूमिकेत आहेत. दोघे एकत्र वृद्ध झाले. असे उदाहरण विरळा.

शरीराच्या झिजेविषयी शांताबाईंनी जे लिहिले, त्याचा सर्वांत उघड पुरावा ललिता पवार यांच्या जीवनात सापडतो. १९४२ साली एका चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, आणि उपचारांत सुमारे तीन वर्षे गेली. नायिकेचे दिवस संपले. पुढे त्याच डोळ्याने खाष्ट सासूच्या भूमिका अजरामर केल्या, असे कौतुकाने सांगितले जाते. ही कथा नेहमी दैवाची म्हणून सांगितली जाते, कामाच्या जागी झालेल्या अपघाताची म्हणून कधी सांगितली जात नाही. चित्रपटकामगारांशी लेखी करार करणे बंधनकारक ठरवणारा कायदा संसदेने संमत केला तो १९८१ साली. ‘चंदेरी दुनियेत’ प्रकाशित झाले ते हेच वर्ष, आणि प्रभातच्या दारातील उपोषणाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती.

या चारही पुस्तकांच्या साक्षीला एक मोठी मर्यादा आहे. या चौघीजणी नायिका होत्या. त्यांचे नाव होते म्हणून त्यांचे पुस्तक निघाले. गर्दीच्या दृश्यात दिवसाच्या मजुरीवर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, नायिकेच्या मागे नाचणाऱ्या मुली, यांना शब्दांकनकार लाभला नाही. त्यांच्याविषयीचे उल्लेख या पुस्तकांतूनच, आणि तेही ओझरते, वेचावे लागतील. लीलाबाईंसारख्या लेखिकेने गर्दीतील नटीचे काम स्वतः करून पाहिलेले असल्यामुळे अशा वेचणीस आरंभ तेथून करणे सोयीचे होईल. ‘जाऊ मी सिनेमात?’ची अभ्यासोपयोगी नवी आवृत्ती हाताशी असेल, तर शांताबाईंनी ज्या मुलीला उद्देशून प्रश्न विचारला, ती नायिका होणारी होती की गर्दीतली, याचाही निर्णय पाठाच्या आधारे करता येईल.