भिंत, परवानगी आणि कला

रस्त्यावरील भित्तिचित्रे, म्हणजेच ग्राफिटी, ही कला मानावी की नासधूस? हा वाद एकाच तराजूत तोलला जातो. वस्तुतः तेथे दोन निराळे प्रश्न आहेत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका भिंतीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे.

१९८६ साली चित्रकार कीथ हेरिंग यांनी तेथील हँडबॉल मैदानाच्या भिंतीवर परवानगीविना ‘क्रॅक इज वॅक’ हे चित्र रंगविले. क्रॅक या कोकेनच्या स्वस्त प्रकाराने त्या काळी वस्त्याच्या वस्त्या पोखरल्या होत्या. भडक नारिंगी पार्श्वभूमी, जाड काळ्या रेषा, तीनच शब्द : शेजारच्या हमरस्त्यावरून धावत्या मोटारीतूनही इशारा वाचता यावा, इतकी ही रचना नेमकी आहे. हेरिंग यांना दंड झाला. पुढे चित्रही पुसले गेले. मात्र त्याच वर्षी शहराच्या उद्यान विभागाच्या संमतीने त्यांनी त्याच भिंतीवर ते नव्याने रंगविले. २०१९ साली त्याचा जीर्णोद्धारही झाला.

हात तोच, भिंत तीच, आशयही तोच. संमतीने गुन्हा टळला. कलामूल्य मात्र तिने दिलेले नाही. याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. एखाद्या गरीब दुकानदाराच्या दारावर रात्रीतून कोणी उत्तम चित्र काढले, तरी त्याच्यावरील अन्याय उरतोच. भिंत कोणाची, हे कायद्याने ठरवावे. चित्र कसे आहे, हे समीक्षकाने चित्रासमोर उभे राहूनच सांगावे.