प्रतिभा आणि विक्षिप्तपणा

प्रतिभावंत म्हटला की तो लहरी व व्यवहारशून्य असावयाचाच, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. ती केशवसुतांच्या (१८६६–१९०५) चरित्रावर पारखून पाहावी. पेशा शाळामास्तराचा, वृत्ती संकोची. त्यांचे छायाचित्रही मागे राहिले नाही व हयातीत काव्यसंग्रह निघाला नाही. तथापि याच अबोल गृहस्थाने १८९२ मध्ये मराठीत सुनीत आणले व १८९३ मध्ये ‘तुतारी’ लिहून रूढीस आव्हान दिले. सुनीताची चौदा चरणांची बांधणी केवळ लहरीने साधत नाही. रूढ वाटेविषयी असमाधान, एकान्ताची तयारी आणि दाद मिळो न मिळो, काम न सोडण्याचा हट्ट, हेच त्या सामर्थ्याचे मूळ होय.

कोणी म्हणेल, काही थोर कलावंत विक्षिप्त होतेच. होते खरे, परंतु जन्मात एक ओळही न लिहिलेली विक्षिप्त माणसे काय थोडी आहेत? सबब विक्षिप्तपणा हे प्रतिभेचे लक्षण ठरत नाही. घरातील मुलगा केस वाढवून हिंडू लागला म्हणून पालकांनी हुरळू नये. आणि मुलगी मुकाट्याने वहीत काही लिहीत-खोडीत बसली असेल, तर तिला कामास हाक मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे.